मांडवाच्या बॉक्सवर गिटार गांधीलमाशीवानी काऊन वाजते?

तारवाला_दारव्हा:
जय भीम मंडळी. आमची भीमगीतांची पार्टी आहे. इलेक्ट्रिक गिटार फेंडरच्या स्ट्रॅटच्या घाटाची, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारे, एकेका कॉइलचे). यवतमाळच्या मित्राच्या अ‍ॅम्पवर अशी गोड वाजते का बस! गावात मांडवाच्या मिक्सरमध्ये सरळ पिन खोचली का गोधडीखालून आल्यासारखा आवाज. ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे आवाज फाडायचं पेडल दाबलं तं उलटं, डब्यात गांधीलमाशी कोंडल्यावानी. वरून गुणगुण चालूच. दुकानदार म्हणते हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) टाका. कापसाच्या पैशातले साडेतीन हजार बाजूला ठेवले आहेत. टाकू का?

ढोलकी_नेर:
टाका भाऊ. गुणगुण जाते.

सोल्डर_कारंजा:
थांब बाप्पा, पैसे खिशातच राहू दे. अ‍ॅम्प दुरुस्त करून करून माये केस पिकले, म्हणून सांगतो.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याले समोर 10 लाख ओहमच्या आसपास रोध असलेलं इनपुट लागते, गिटार अ‍ॅम्पमधी ते असते. मिक्सरच्या लाइन इनपुटात बहुतेक 10-20 हजारच. ओहम कमी म्हणजे पिकअपवर भार जास्त, अन् एवढा भार आला का ट्रेबल (वरचा टोकदार आवाज) बसते. हे झालं गोधडीचं. पेडल दाबलं का त्याचं सर्किट मधात येते, भार सुटते, अन् मंग दुसरं भूत निघते. गिटार अ‍ॅम्पचा 12 इंची स्पीकर 5 हजार हर्ट्झच्या वर जवळपास मुका असते. ओव्हरड्राइव्हची सारी किरकिर तो गिळते. तुमच्या बॉक्सात वरतं हॉर्न हाय, तो ते गावभर वाटते. हंबकर टाकून हे कसं जाईन?

गुणगुणीचं म्हणशील तं सिंगल कॉइल लाइनीचे 50 हर्ट्झ पकडतेच. हंबकरमधी दोन कॉइल उलटसुलट अन् चुंबकंही उलटी, म्हणून गुणगुण आपसात कटते. गिब्सनच्या सेथ लव्हरनं 1955 साली पेटंट मागतलं ते याचंच. पण आवाज जाड होते. तुले तं तो टणटणीतच पाह्यजे ना? आधी पिकअप निवडायचा स्विच दोन किंवा चार नंबरवर ठेवून पाय, तिथं मधला अन् बाजूचा पिकअप संगं वाजते. मधला पिकअप उलटा गुंडाळेल असन तं तिथं गुणगुण मरते.

मित्राचा अ‍ॅम्प आण, त्याच्यासमोर माइक ठेव, तो माइक मिक्सरले दे. अन् मांडवाच्या बोर्डाचं अर्थिंग नसन तं त्या दिवशी वाजवूच नोको. हात तारेवर अन् ओठ माइकले लागले का झटका बसते. मले बसेल हाय.

तारवाला_दारव्हा:
केलं! अ‍ॅम्प मोटरसायकलवर पोत्यात बांधून आणला. चार नंबरवर गुणगुण जवळपास गेली, एक नंबरवर आहे तशीच. मांडववाला म्हणे, मिक्सर असताना या खोक्यासमोर माइक कायले? मी म्हटलं, खोकंच गिटार आहे. फक्त माइक स्पीकरच्या बरोबर मधात धरला का चिरचिर येते, चार बोटं बाजूला सरकवला तं जाते. असं काऊन?

सोल्डर_कारंजा:
मधातूनच ट्रेबल जास्त निंघते. बाजूलेच ठेव. अन् स्टँडले दोरीनं बांध, नाचणारे पोट्टे पाडतात.