सेकंड लाइफमध्ये माणसं टिकतात कशामुळे?

कट्टेकरी: सेकंड लाइफ हे इंटरनेटवरचं आभासी जग २००३ पासून चालू आहे. गूगलचं तसंच लाइव्हली जुलै २००८ मध्ये आलं आणि डिसेंबरअखेर गुंडाळलंही. गुण नाहीत, पातळ्या नाहीत, मारायला शत्रू नाही, तरी लोक अशा जगात का येतात आणि का राहतात? लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणारं डेव्हिसचं १९८९ चं 'उपयुक्तता आणि सुलभता' हे मॉडेल इथे लागू पडतं का?

रिकामा_प्लॉट: अर्धंमुर्धं. ते ऑफिसातल्या सॉफ्टवेअरसाठी बेतलेलं. व्हॅन डर हायडेन यांनी २००४ मध्ये दाखवलं, की करमणुकीच्या प्रणालीत उपयुक्ततेपेक्षा मजा आणि सुलभता जास्त मोजली जाते. सेकंड लाइफमध्ये सुलभतेचा आनंदच आहे! लोकांना धरून ठेवलं ते मालकीने. नोव्हेंबर २००३ मध्ये सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडेन लॅबने जाहीर केलं, की जो वस्तू बनवेल त्याचेच तिच्यावर बौद्धिक हक्क. कपडे, केस, घरं विकून आलेले लिंडेन डॉलर (तिथलं चलन) लिंडेक्स या तिथल्या चलनबाजारात अमेरिकी डॉलरांत बदलता येतात. लाइव्हलीत तयार सामानाने खोली सजवायची, बस्स.

टंकनवीर: मालकी पटते, पण विकणारे थोडे. बाकीचे ओळखीच्या माणसांसाठी येतात. २००७ मध्ये आवाजी गप्पा आल्या तेव्हा विरोध झाला तो ओळख उघडी पडेल म्हणून. टाइप करताना वय, आवाज, बहिरेपण काहीच कळत नाही, आणि अनेकांना तेच हवं असतं.

रात्रपाळी: आणि टिकत नाहीत ते पहिल्या तासातच जातात. २५६ × २५६ मीटरच्या रिकाम्या प्रदेशात उतरतात, कोणी दिसत नाही, खिडकी बंद. भारतातून संध्याकाळी ६ ला गेलात तर कॅलिफोर्नियात पहाट असते. युरोपची गर्दी हवी तर रात्री साडेअकरानंतर, अमेरिकेची हवी तर सकाळी साडेसात-आठला जा. आधी सर्चमध्ये इव्हेंट्स बघा, मगच टेलिपोर्ट करा.

जुना लॅपटॉप असेल तर फायरस्टॉर्ममध्ये (सेकंड लाइफमध्ये शिरायचं सॉफ्टवेअर, म्हणजे व्ह्यूअर) ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबचं दिसावं ते, ६४ मीटर ठेवा आणि अवतार कॉम्प्लेक्सिटीची (तिथल्या लोकांच्या पात्रांचं रूप किती जड चालेल त्याची) मर्यादा खाली ओढा. गर्दीत फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) कोसळतो तो बहुधा लोकांच्या जड केसांनी आणि दागिन्यांनी. इमारतींना उगाच दोष देऊ नका. स्वतःचा अवतार ढगासारखाच राहिला तर कंट्रोल-ऑल्ट-आर दाबा, त्याच्या अंगावरची चित्रं (टेक्स्चर) पुन्हा तयार होतात.

कट्टेकरी: म्हणजे विद्यार्थ्यांना सेकंड लाइफमध्ये आणायचं तर ठरलेल्या वेळी, एकत्रच आणायला हवं.

रात्रपाळी: हो, आणि व्ह्यूअर आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवायला सांगा.