पाण्याचा रेणू वाकडा का?

कार्बन डायऑक्साइड सरळ, मग पाणीच वाकडं का, हा प्रश्न फार आवडला. दादरला क्लासमध्ये मी चार फुगे गाठीशी एकत्र बांधून दाखवते. टेबलावर दाबून सपाट केले तरी हात काढताच तीन खाली, एक वर असे उसळतात. अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्याही या फुग्यांसारख्याच एकमेकींना दूर ढकलतात; मिथेनमध्ये कार्बनभोवती अशा चार जोड्या, तिथल्या बंधांमधला 109.5 अंशांचा कोन तो हाच.

पाण्यातल्या ऑक्सिजनभोवतीही इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या, पण त्यांतल्या दोन कुठल्याच बंधात न गुंतलेल्या. त्यांना एकच केंद्रक धरून ठेवतं, म्हणून त्या ऐसपैस पसरतात. विरार लोकलमध्ये चौथी सीट मागणारा आला की बाकीचे कसे आवरून बसतात, तसे बंध जवळ ढकलले जातात: 104.5 अंश. अमोनियात अशी जोडी एकच, म्हणून 107. कार्बन डायऑक्साइडच्या कार्बनकडे ती नाहीच, त्यामुळे दोन्ही दुहेरी बंध समोरासमोर.