पैसे घरी का जातात: सातबाराही बघा

कामासाठी घर सोडून गेलेल्यांबद्दल म्हटलं जातं की 'बायका मायेपोटी पैसे पाठवतात, पुरुष कर्तव्य म्हणून'. हे विधान फारच ढोबळ आहे. बोट्स्वानाबद्दलच्या १९८५ च्या अभ्यासात जास्त गुरं असलेल्या घरी मुलगे जास्त पैसे पाठवताना दिसले, मुली नाही. गुरं वारशाने मुलग्यांकडे जातात ना! आपल्याकडे गुरांच्या जागी सातबारा. हिंदू वारसा कायद्याने मुलीला समान हिस्सा आहे खरा, पण वारसनोंदीमागून बहिणींनी हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र येतंच बऱ्याचदा. म्हणून नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतला कामगार गावच्या विहिरीत पैसा घालतो. ती उद्या त्याचीच. सुरगाणा-पेठहून निफाडला द्राक्षाच्या कामाला आलेल्या बाईची पोरं आजीकडे, तिच्या पैशातून त्यांचा किराणा आधी. त्यात नवरा-बायकोने जोडीने उचल घेतली असली, तर मुकादम बऱ्याचदा पैसे नवऱ्याच्या हातात देतो आणि तिची मजुरीही त्याच्याच नावावर घरी जाते.