कारवारला आहे ते काय: खाडी, उपसागर की आखात?

खानापूरच्या_बाई
मंडळी, एका शब्दापायी दोन दिवस अडून बसलेय. आमच्या शाळेची सहल जानेवारीत कारवारला जायची आहे. माहितीपत्रक कन्नडमध्ये तयार होतं, मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यात 'कारवार कोल्ली' असं आहे. मी 'कारवारची खाडी' लिहून मोकळी झाले. ते वाचून माझी जाऊ हसली. तिचं माहेर कोडीबागचं. म्हणाली, "खाडी आमच्या परसापाशी, काळी नदीची. तू लिहिलंस तो दर्या." मग 'उपसागर' लिहून बघितलं तर मलाच कसंसं झालं. उपसागर म्हटला की बंगालचा, आणि इथं तर वाळूत उभं राहिलं की समोर बैतकोलचं बंदर दिसतं. 'आखात' लिहावं तर पोरं विचारणार, टीचर, दुबईला जायचं काय? शनिवारी पत्रक छापायला द्यायचंय. सांगा लवकर.

निपाणी_नाका
बाई, ही खाडी तुमच्याकडं हिंदीतून आली. हिंदीत 'बंगाल की खाड़ी' म्हणतात. मराठीत खाडी म्हणजे भरतीचं पाणी जमिनीत आत शिरतं ती. ठाण्याची खाडी, वसईची खाडी. हल्ली टीव्हीवरसुद्धा 'बंगालच्या खाडीत कमी दाबाचा पट्टा' चालू झालंय. मोल्सवर्थचा शब्दकोश उघडून बघा, शंका राहणार नाही. कोल्लीला उपसागर. लहान असला म्हणून काय झालं, लहान तळ्याला आपण दुसरा शब्द शोधतो का?

जुना_कॅम्प
शोधतो की. डबकं. 😀
आणि हिंदीतून आलं म्हणून लगेच बाटलं असं कसं? 'दर्या' घ्या. शब्द फारसी. मराठीत तो समुद्र झाला, हिंदीत दरिया म्हणजे नदी. यात कोण चुकलं? 'बंदर' पण फारसीच. सोवळं पाळायचं तर कारवारच्या किनाऱ्यावर उभं राहून तोंड उघडायची सोय नाही.

निपाणी_नाका
शब्द आपसूक सरकणं वेगळं आणि बातम्या देणाऱ्यांनी ढकलणं वेगळं.

सदाशिवगड_माहेर
माझं सगळं लहानपण त्या पाण्यावर गेलं, म्हणून लिहिते. पूल व्हायच्या आधी आम्ही सदाशिवगडाकडून तरीनं, म्हणजे नावेनं, पलीकडे कारवारला जायचो. जिथून तर सुटायची ती खाडी. तोंडाबाहेर गेलं की दर्या. या दोन्हींच्या मधल्या पाण्याला वेगळा शब्द घरात कधी ऐकला नाही. बैतकोलला होड्या लागतात ते पाणी 'बंदरात'. कुर्मगड बेटावरच्या नरसिंहाच्या जत्रेला होडीत बसलं की आजी म्हणायची, "आता बंदरातून भायर पडलो." म्हणजे तुमची कोल्ली आमच्या आजीच्या लेखी बंदरच होती.
तो जुना पूल 2024च्या ऑगस्टमध्ये रात्री कोसळला, ट्रक खाली गेला. बातम्यांत सगळीकडे 'काळी नदीवरचा पूल'. आई फोनवर म्हणाली, "खाडीवरचा गे." मला तिचं पटतं. तिथलं पाणी तोंडात घेऊन बघा, नदी म्हणवत नाही.

हलगा_शिवार
एक सुचतंय, हसू नका. बैतकोलमधला 'कोल' म्हणजेच कन्नड कोल्ली असणार! तसं असेल तर 'कोल' हाच शब्द मराठीत घ्यायचा. कारवारचा कोल. आटोपलं काम.

जुना_कॅम्प
बैतकोलचा उगम अरबी सांगतात, आसऱ्याची जागा अशा अर्थानं. अरबीत बैत म्हणजे घर. अरब गलबतं या किनाऱ्याला कायम यायची, आणि बैतकोल डोंगराच्या आडोशाला आहे, वारा लागत नाही. तुमचा कन्नड कोल अर्ध्या शब्दाला पुरतो, मग पुढच्या 'बैत'चं काय करणार?

हलगा_शिवार
बैत अरबी, कोल कन्नड. आपल्या बेळगावात 'डबल रस्ता' चालतो तर हे का नाही?
आणि कोडीबागची कोडी बघा. आमच्याकडं तळं भरून वाहिलं की 'कोडी पडली' म्हणतात. काळी नदी तिथंच समुद्रात सांडते. नदीची कोडी ती कोडीबाग. हे तरी मान्य करा.

सदाशिवगड_माहेर
आमच्यात कोडी म्हणजे जमिनीचं टोक. सांडण्याबिंडण्याचा संबंध नाही.

चंदगडी
खाडीचं नंतर बघू. बाई, पत्रकात 'करावळी' पण असणारच. त्याला काय केलंत?

खानापूरच्या_बाई
'कोकण किनारा'. चुकलं काय?

चंदगडी
चुकलं नाही खरं, कुणीतरी भांडायला येणार. कारवार कोकणात धरायचं की नाही, यावर आमच्या घरात जेवणं थंड झालीत.

पुण्याहून_मूळचा_नाही
'चुकलं नाही खरं' म्हणजे? खरंच चुकलं नाही?

चंदगडी
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा.

टिळकवाडी_तिसरं_फाटक
कोकण म्हणायला हरकत कसली? 1862 साली उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, तो 1956 पर्यंत मुंबईतच होता. 'बेळगाव, कारवार, निपाणी' ही घोषणा आम्ही चालायला शिकायच्या आधी शिकलो. महाजन आयोगानं 1967 साली कारवार द्यायचं नाकारलं म्हणून काय भूगोल बदलतो?

जुना_कॅम्प
घोषणेत कारवार रोज, आणि प्रत्यक्ष कारवार बघितलेले आपल्यात किती? आपण समुद्र बघायला गोव्याला जातो. त्यालाही कारण आहे. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना धारवाड-हुबळीकडचा कापूस पाहिजे होता, आणि तो कारवारहून न्यायचा म्हणून बंदर सुधारायला घेतलं. यादवी संपली, तेजी संपली. 1880च्या दशकात रेल्वे आली ती कॅसलरॉकवरून मुरगावला. लोंढ्याहून गाडी सरळ गोव्यात उतरली आणि कारवार बाजूला पडलं ते कोकण रेल्वे येईपर्यंत. रूळ तिकडं गेले असते तर आज आपण 'खाडी की उपसागर' विचारत बसलो नसतो. आजोबांनी एक शब्द आणला असता तिथून.

निपाणी_नाका
आजोबांनी इंग्रजी आणला असता. तिथं इंग्रजांची वखार 1638 पासून होती.

हलगा_शिवार
त्याच वखारीकडून 1665 साली शिवाजी महाराजांनी खंडणी घेतली. इंग्रजांच्या वाट्याला 112 पौंड आले होते.

खानापूरच्या_बाई
अहो, माझा शब्द!

टिळकवाडी_तिसरं_फाटक
रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणी कारवारला राहून गेले, त्यांचे भाऊ सत्येंद्रनाथ तिथे जिल्हा न्यायाधीश होते. किनारा चंद्रकोरीसारखा आहे असं रवींद्रनाथांनी लिहून ठेवलंय. 'कारवारची कोर' लिहा. शोभून दिसेल.

चंदगडी
कोर भाकरीची असते.

निपाणी_नाका
मी उपसागरावर ठाम आहे. रोजच्या बोलण्यात दर्या म्हणा, बंदर म्हणा, माझी ना नाही. छापताना शास्त्राचा शब्द पाहिजे. पोरांनी भूगोलाच्या पेपरात 'आजीच्या मते बंदर' लिहायचं का?

सदाशिवगड_माहेर
लिहिलं तर अर्धा मार्क द्या. आजी रोज ते पाणी बघत होती.

खानापूरच्या_बाई
मंडळी, थांबा आता. हेडसरांना दाखवलं. त्यांनी ती ओळच काढली आणि 'सुंदर समुद्रकिनारा' घातलं. करावळी तशीच ठेवली, अवतरणात. जाऊ म्हणते, किनारा सुंदर खरं ओळ मेली. बस अणशी घाटानं जाणार आहे. पोरांना ओकाऱ्या होतात का त्या वळणांवर?

चंदगडी
होतात. आवळासुपारी ठेवा जवळ. आणि 'घाट उतरणे' म्हणा, 'घाटातून जाणे' नको. बेळगावचा माणूस घाट उतरतो.

पुण्याहून_मूळचा_नाही
वर 'तरीनं' आलंय. मूळ शब्द 'तर' की 'तरी'? मी 'तरीतून' ऐकलंय.

निपाणी_नाका
तर. स्त्रीलिंगी. आमच्यात वेदगंगेला, दूधगंगेला तर नसली की काहिलीतनं उतरायचे. गुळाची काहिल हो, रस आटवायची. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, मग तीच पाण्यात.

हलगा_शिवार
काहिल की कायल? आमच्या मामाच्या गावात कायल.