मदत हवी आहे : लिथॉप्सची पिल्लं आडवी पडताहेत

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत, गच्चीवर लिथॉप्सचं, म्हणजे खड्यांसारख्या दिसणाऱ्या छोट्या मांसल झाडांचं, बी पेरलंय. बी इतकं बारीक की कोरड्या रेतीत मिसळूनच भुरभुरलं. उगवायला उजेड लागतो, म्हणून वर माती घातली नाही. आपली माळव्याची काळी माती पाणी धरून बसते, त्यामुळे चाळलेली रेती, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे) आणि अगदी थोडं कोकोपीट घेतलं. ट्रेला पाणी खालूनच पाजते, वर पारदर्शक झाकण.

दिवाळीनंतरची हवा मानवली, उगवण सुरेख झाली. मोहरीएवढे हिरवे ठिपके, प्रत्येकाच्या मध्ये केसासारखी चीर! तासन्‌तास बघत बसावंसं वाटतं.

पण आता काही पिल्लं बुडाशी पाणचट होऊन रातोरात आडवी पडताहेत, रेतीवर शेवाळही धरलंय. झाकण काढलं की इथल्या कोरड्या हवेत वरचा थर दुपारपर्यंत खडखडीत, आणि मुळं तर अजून वरच आहेत. झाकण हळूहळू कसं सोडवायचं? दालचिनीची पूड पुरते, की बुरशीनाशक फवारावंच लागेल?

आणखी एक. मोठ्या लिथॉप्सला पानं बदलताना, म्हणजे जुनी जोडी सुकून आतून नवी येते तेव्हा, पाणी तोडतात. पिल्लांच्या पहिल्या पानबदलातही तोडायचं का? मला तर धीर होत नाही.

माळव्यात कोणी बियांपासून वाढवले असतील तर जरूर लिहा, पुण्या-मुंबईची हवा वेगळी पडते. मे महिन्यात पारा 40 च्या वर गेला की ट्रे कुठे ठेवता, हेही सांगा.