मदत हवी आहे: रोमकर 13 आणि कृत्ये 5:29 एकत्र कसे शिकवावे?

बायबलच्या शास्त्राभ्यासाची मांडणी एका ठिकाणी अडली आहे. रोमकर 13:1-7 अधीन राहा, कर द्या म्हणते, तेही जुलमी रोमी सम्राट नीरोच्या काळात. म्हणजे राज्यकर्ता चांगला असणे ही अट नाही. दुसरीकडे कृत्ये 5:29 म्हणते, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. सुइणींनी इब्री मुलगे मारण्याची फारोची (मिसरच्या राजाची) आज्ञा मोडली (निर्गम 1:17), राजाची बंदी असूनही दानीएलाने प्रार्थना थांबवली नाही. सरकार पाप करायला लावते किंवा देवाची आज्ञा पाळू देत नाही, तिथे नकार, इथवर ठीक. (दानीएलाने शिक्षा चुकवली नाही, हे मात्र कृत्ये 5:29 पाठ म्हणणारे सहसा सोडून देतात.)

पण कराचा पैसा अन्यायाकडे जात असेल तर देणारा दोषी का? मार्क 12:17 मधले (‘कैसराचे ते कैसराला द्या’) नाणे तर कैसराचेच, म्हणजे रोमी सम्राटाचेच होते. आणि सक्तीची लष्करी सेवा कुठे बसवावी? वचनांसह सांगा, नुसते मत नको.