शब्दचर्चा : ‘लस्ट्रेशन’ला मराठीत काय म्हणावं?

बोरूबहाद्दर :
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. कम्युनिस्ट राजवटी कोसळल्यावर चेकोस्लोव्हाकिया, पोलंड आणि पूर्व जर्मनीतली सरकारी यंत्रणा कशी बदलली, हा विषय. पक्षाचे मोठे पदाधिकारी आणि गुप्त पोलिसांचे खबरे यांना सरकारी पदांपासून दूर ठेवायचे जे कायदे झाले, त्यांना सगळीकडे ‘लस्ट्रेशन’ म्हणतात. मी तसंच ठेवलं होतं. संपादकबाईंनी समासात लिहिलं, “वाचक भलतीकडे जाईल.” खरंय. कोशात ‘शुद्धीकरण’ सापडतं, पण ‘अधिकाऱ्यांचे शुद्धीकरण’ लिहिलं की मला गोमूत्र शिंपडणारे गुरुजी दिसायला लागतात. दुसरं काही आहे का?

अडगळीतला कोश :
गुरुजी दिसतात ते अगदीच चुकीचं नाही. मूळ शब्द लॅटिन, ‘लुस्त्रुम’. रोममध्ये साधारण दर पाच वर्षांनी शिरगणती व्हायची. ती संपली की डुक्कर, मेंढा आणि बैल यांना जमलेल्या नागरिकांभोवती प्रदक्षिणा घालायला लावायचे आणि मग बळी द्यायचे. पुढे पाच वर्षांच्या काळालाच लुस्त्रुम म्हणू लागले. म्हणजे आधी मोजणी, मग शांत. कोशकारांनी त्यातली शांत तेवढी उचलली.

तरीही ‘शुद्धीकरण’ नकोच, पण कारण गोमूत्राचं नाही. स्टालिनच्या काळात पक्षातून माणसं हाकलायचे, त्याला रशियनमध्ये ‘चिस्तका’ म्हणजे साफसफाई म्हणत, आणि मराठीत आपण त्याला ‘शुद्धीकरण’च म्हणत आलोय. तोच शब्द १९९१ मध्ये प्रागला झालेल्या लस्ट्रेशन कायद्याला लावलात तर वाचकाला वाटेल की पुन्हा तेच सुरू झालं.

व्लतावाकाठी :
प्रागमध्ये नोकरीनिमित्त नऊ वर्षं राहतोय, म्हणून बोलतो. इथे ‘लुस्त्रात्से’ शब्दात धार्मिक काहीच उरलेलं नाही. रस्त्यात पोलिसांनी गाडी अडवली आणि नंबर टाकून नोंदी पाहिल्या, तर त्यालाही ‘लुस्त्रोवात’ म्हणतात. नाव घातलं, नोंद पाहिली, संपलं.

४ ऑक्टोबर १९९१चा कायदाही तसाच चालायचा. मंत्रालय, सैन्य, पोलीस, सरकारी रेडिओ-टीव्ही, न्यायालयं, सरकारी कंपन्या, विद्यापीठांतली वरची पदं, यांपैकी कुठेही बसायचं तर गृहमंत्रालयाचा दाखला आणायचा : गुप्त पोलिसांच्या नोंदींत तुमचं नाव आहे की नाही. खासदारकीला मात्र हा कायदा लागू नव्हता. १ डिसेंबर १९७१ नंतर जन्मलेल्यांना दाखल्याची गरज नाही, कारण राजवट पडली तेव्हा ती अठराचीही झाली नव्हती.

हा कायदा तात्पुरता होता बरं का. १९९६अखेर संपायचा होता. संसदेने मुदत २०००पर्यंत नेली, आणि २००० मध्ये मुदतच काढून टाकली. दोन्ही वेळा अध्यक्ष हावेल यांनी सही नाकारली आणि दोन्ही वेळा संसदेने त्यांना ओलांडून कायदा पुढे रेटला. १९९३ मध्ये वेगळ्या झालेल्या स्लोव्हाकियात तोच कायदा होता, पण तिकडे त्याची अंमलबजावणी झालीच नाही आणि १९९६ला तो आपोआप मेला.

कचेरीतला निवृत्त :
व्लतावाकाठींनी सांगितलेलं वाचून मला प्रश्नच उरला नाही. नाव घालायचं, नोंद पाहायची, दाखला द्यायचा, याला आम्ही तहसिलीत आयुष्यभर ‘पडताळणी’ म्हणत आलो. सरकारी नोकरी लागली की पोलीस ठाण्यातून ‘चारित्र्य पडताळणी’ होऊन येते, ती आणि ही सख्ख्या बहिणी. फरक एवढाच की आपल्याकडे गुन्हा नोंदलेला आहे का ते पाहतात, तिकडे तुम्ही शेजाऱ्याची चुगली लिहून दिली होती का ते पाहायचे.

ठसकेबाज :
पडताळणी फार मिळमिळीत वाटते हो. माणसाची नोकरी जाते त्यात! ‘झाडाझडती’ म्हणा.

कचेरीतला निवृत्त :
झाडाझडती चोरी झाल्यावर घेतात, मुद्देमाल सापडेल या आशेने. इथे मुद्देमाल आधीच फायलीत आहे. नोकरी जाते ती पडताळणीमुळे नव्हे, पडताळणीत जे निघालं त्यामुळे. जात पडताळणीत दाखला अवैध ठरला तर सरपंचपदही जातं. मग शब्द मिळमिळीत कसा?

बोरूबहाद्दर :
‘पडताळणी’ जवळजवळ पटली. पण पोलंडला बसेल का?

गव्हाणकर काकू :
पोलंडला तर जास्तच बसेल, बोरूबहाद्दर, पण एक जुनी गोष्ट आधी सांगते. पोलिशमध्ये ‘लुस्त्रात्स्या’ हा शब्द सोळाव्या शतकापासून सरकारी कारभारात आहे. राजाच्या खालसा जमिनी ज्या सरदारांकडे होत्या, तिथे माणसं पाठवून गावं, शेतं, गिरण्या, उत्पन्न यांची नोंद करायची, ती लुस्त्रात्स्या. मी शिकवताना याला सरळ ‘पाहणी’ म्हणायचे, पीक पाहणीतली पाहणी. आजही पोलंडमध्ये सहकारी संस्थांची निदान तीन वर्षांतून एकदा लुस्त्रात्स्या करावी लागते. आपल्याकडे पतपेढीत ऑडिटर येतात तसं. तेव्हा पोलिश माणसाच्या कानावर हा शब्द काही नव्वदीतच पडला नाही.

आता १९९७चा पोलिश कायदा. चेक लोकांनी विचारलं, “तुझं नाव यादीत आहे का?” पोलिशांनी विचारलं, “तू स्वतः काय लिहून देतोस?” मोठ्या पदावरच्या माणसाने जाहीर करायचं की मी गुप्त पोलिसांसाठी काम केलं होतं किंवा नव्हतं. केलं होतं असं कबूल केलं तर कायद्याने पद जात नव्हतं. खोटं लिहिलं आणि पकडला गेला तर दहा वर्षं अशा पदावर बसता येत नव्हतं. इथे शुद्धी म्हणजे तर अनर्थच होईल, कारण खबरेगिरी कबूल करणारा पदावर राहू शकत होता. म्हणून माझं मत ‘पूर्वचरित्र पडताळणी’ला, आणि पोलंडपुरतं ‘प्रतिज्ञापत्राची पडताळणी’.

ठसकेबाज :
पण काकू, पोलंडने तर आधी “झालं गेलं गंगेला मिळालं” म्हटलं होतं ना? ती ‘जाड रेघ’ काय प्रकार आहे?

गव्हाणकर काकू :
त्या रेघेवर तीस वर्षं भांडणं चाललीत. २४ ऑगस्ट १९८९ला पोलंडचे नवे पंतप्रधान माझोविएत्स्की संसदेत म्हणाले की भूतकाळाला आम्ही जाड रेघ मारतो आहोत. देशाला या पडझडीतून बाहेर काढायला आम्ही जे करू, तेवढ्याचंच उत्तर देऊ. म्हणजे आधीच्यांचं देणं आमच्या खात्यावर टाकू नका. वाण्याच्या वहीत नवा मालक रेघ ओढून खालून हिशोब सुरू करतो तसं. लोकांनी मात्र ऐकलं की जुन्यांना माफी. त्यांनी शब्द ‘लिन्या’ वापरला होता, लोकांच्या तोंडी ‘क्रेस्का’ झाला. आपली गंगा इथे आणू नका. तिच्यात पापं धुतली जातात, आणि माझोविएत्स्की पापं धुवायची भाषा करतच नव्हते.

बोरूबहाद्दर :
वा! ‘वहीला रेघ मारली’ घेतो. आता दुसरं दुखणं, ‘नोमेनक्लातुरा’. पक्ष समिती कुठल्या पदांवर कोणाला बसवायचं ते ठरवायची, त्या पदांची आणि पसंत माणसांची यादी. ‘मानकऱ्यांची यादी’ चालेल?

अडगळीतला कोश :
मानकरी पिढीजात असतो, पालखीला खांदा देण्याचा मान त्याचा त्यालाच. इथे समितीने मनात आणलं की नाव उडालं. साधं ‘पक्षाची पदसूची’ लिहा आणि त्यातल्या माणसांना ‘सूचीतले’. रोममध्ये ‘नोमेनक्लातोर’ म्हणून गुलाम असायचा. मालक बाजारातून जाताना समोरून येणाऱ्याचं नाव त्याच्या कानात सांगायचा. समितीच्या कानाशी असाच कोणी असणार.

कचेरीतला निवृत्त :
बोरूबहाद्दर, एक सूचना. लेखात ‘सनदी अधिकारी’ जपून वापरा. त्या राजवटींत सरकारी कारकून आणि गिरणीतला कामगार यांना बहुतेक ठिकाणी कामगार कायदा एकच होता. वेगळी सनद अशी नव्हतीच. ती नव्याने बनवणं हेच तर सुधारणेचं काम होतं.

व्लतावाकाठी :
आणि इथे त्या कामाला केवढा उशीर! नागरी सेवेचा कायदा २००२ मध्ये मंजूर झाला आणि अंमल पुढे ढकलत राहिले. शेवटी २०१४ मध्ये दुसराच कायदा केला, तो १ जानेवारी २०१५ला लागू झाला. म्हणजे नको ती माणसं बाहेर ठेवायचा कायदा दोन वर्षांत तयार झाला, आणि हवी ती माणसं कशी घ्यायची, कशी टिकवायची याचा कायदा अमलात यायला पाव शतक लागलं. लेखाचा मुद्दा मला विचाराल तर इथे आहे, शब्द कुठलाही घ्या.

राइनपार :
जर्मनीची भर घालतो. इकडे ‘गेगाउक्त’ असं क्रियापदच झालं होतं. स्टाझीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, १११ किलोमीटर लांबीच्या फायली ज्या कार्यालयाकडे होत्या त्याचे पहिले प्रमुख योआखिम गाउक, पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले. तर “तुझं गाउक झालं का?” असं पूर्वेकडचे मास्तर एकमेकांना विचारायचे. अजून एक रत्न : पश्चिमेकडून पूर्वेला पाठवलेल्या अधिकाऱ्यांना जादा भत्ता मिळायचा, त्याला लोक ‘बुशत्सुलागं’, म्हणजे ‘जंगलभत्ता’ म्हणत. वसाहतींच्या काळातला टोमणा. पूर्वेकडच्यांना तो किती झोंबला असेल!

कचेरीतला निवृत्त :
गडचिरोलीत आम्हाला ‘एकस्तर’ मिळायचा, वरच्या पदाची वेतनश्रेणी. जंगल खरोखरचं होतं, म्हणून टोमणा बसला नाही.

बोरूबहाद्दर :
लेख पाठवला. ‘पूर्वचरित्र पडताळणी’, ‘वहीला रेघ’, ‘पक्षाची पदसूची’, तिन्ही बाईंनी ठेवले. ‘जंगलभत्ता’ला तर त्यांनी चौकट दिली. फक्त मुद्रितं आली तेव्हा पान तीनवर छापलं होतं, “चेकोस्लोव्हाकियातील जात पडताळणी कायदा, १९९१”. जुळारीबुवांच्या हाताला सवय. सुधारलंय.